जुना रेनकोट

मृग लागायच्या आधी आमच्या घरी एक खरेदी होते. बियाणं आणि खत वेगळं. मी सांगतोय ती कपड्यांची खरेदी. दिवाळीचे कपडे हौसेचे असतात, लग्नाचे लोकांनी बघावेत म्हणून असतात, आणि मृगाआधीचे कपडे अंगासाठी असतात. आमची घिवली समुद्राच्या काठावर आहे. इथे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. छत्री उघडली की तिचं पहिलं काम उलटं होणं. म्हणून पावसाळ्यापूर्वी बोईसरला जायचं आणि अंगावर घ्यायचं काहीतरी आणायचं, हा आमचा वर्षाचा नेम.

गेल्या वर्षी नात बरोबर यायला निघाली. ती कॉलेजात शिकते. निघायच्या आधी म्हणाली, "आजोबा, आधी तुमचं कपाट बघू. काय आहे ते कळल्याशिवाय काय घ्यायचं ते कसं कळणार?" बोलणं बरोबर होतं. शेतकरीसुद्धा कणगीत हात घातल्याशिवाय बाजारात भात नेत नाही. तिने कपाट उघडलं आणि एकेक कपडा खाटेवर टाकत मोजायला लागली. तेवीस सदरे, नऊ पँटी, चार लेंगे, दोन स्वेटर, तीन रेनकोट. मला वाटत होतं माझ्याकडे सात-आठ सदरे असतील. तिने विचारलं, "यातले घालता किती?" मी बोट दाखवत गेलो. सहा सदरे, तीन पँटी.

"मग बाकीचे देऊन टाकू कुणाला तरी," ती सहज म्हणाली.

मी खाटेच्या कडेवर बसलो. 'देऊन टाकू' हे शब्द आपण रोज वापरतो. त्यातला 'टाकू' कधी कानाला लागत नाही. त्या दिवशी लागला, कारण मला वीसेक वर्षांपूर्वीचा एक रेनकोट आठवला.

पण तो सांगण्याआधी थोडं मागे गेलं पाहिजे.

माझा जन्म एकोणीसशे साठच्या आगेमागे. आमच्या वडिलांकडे काय होतं ते मी न चुकता सांगू शकतो. बाहेर जायची दोन धोतरं, घरी आणि शेतावर दोन पंचे, दोन बंड्या, दोन टोप्या आणि एक काळा कोट. तो कोट त्यांच्या लग्नात शिवलेला. आळीत कुणाचं लग्न असलं, कुणाला ठाण्याला कचेरीत जायचं असलं, की तो कोट जायचा. परत आला की आई खुंटीला लावायची. कुणी त्याला 'दिला' म्हणत नसे आणि कुणी 'मागितला' म्हणत नसे. कोट आमच्या खुंटीला असायचा एवढंच.

आईकडे रोजची दोन लुगडी. एक अंगावर, दुसरं दांडीवर. तिसरं पेटीत, सणाचं. पावसात दांडीवरचं लुगडं दोन-दोन दिवस वाळायचं नाही, तेव्हा ती अर्धओलंच नेसायची आणि चुलीपुढे बसायची. लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची. गोधडी फाटली की तिचे तुकडे पाळण्यात बाळुती म्हणून जायचे. पुढे तेच पोतेरं, आणि पोतेऱ्याचंही काही उरलंच तर होळीच्या वेळी काकडा. नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्ही जुने कपडे कुणाला देत होता?" मी म्हटलं, "बाय, द्यायला उरतच नव्हते."

पावसाला तेव्हा इरलं. मृगाच्या आधी जंगलपट्टीतून वारली माणसं डोक्यावर इरल्यांची चळत घेऊन आमच्या बंदरपट्टीत यायची. बांबूच्या कामट्यांची जाळी आणि दोन जाळ्यांमध्ये दाबून बसवलेली पानं. मोबदल्यात भात आणि सुकी मासळी न्यायची. इरलं दिसायला वेडंवाकडं, पण त्यामागे मोठी अक्कल आहे. भाताची लावणी करणारा माणूस दिवसभर वाकलेला असतो. वाकलेल्या माणसाचं छप्पर म्हणजे त्याची पाठ. इरलं डोक्यावरून थेट पाठीवर उतरतं आणि मांडीपर्यंत झाकतं. पाणी मागे ओघळून जातं, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि खाली वारा खेळता राहतो, त्यामुळे घामाने भिजत नाही. रेनकोट हा उभ्या माणसासाठी शिवलेला कपडा आहे. तो घालून वाका, म्हणजे मानेपाशी पन्हळ तयार होते आणि पाणी सरळ पाठीवर जातं. दुकानात आपण रेनकोट उभ्यानेच घालून बघतो, तेव्हा हे कळत नाही.

मग दिवस बदलले. तारापूरला अणुवीज केंद्र आलं, १९६९ साली त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्यामागून बोईसरला एमआयडीसी आली. हातात पगार आला आणि पगारापाठोपाठ टेरिलीन आलं. टेरिलीनला आज नावं ठेवतात, पण पावसाळ्यात त्याने आमच्यावर उपकार केले हे मी कबूल करतो. सुती कपडा पावसात भिजला की गळ्यात पडतो, वाळत नाही, वास मारतो. टेरिलीन झटकलं की तासाभरात अंगावर घालता येतं. ज्याच्याकडे दोनच कपडे आहेत त्याला हा फरक समजतो.

केंद्रात कामाला लागलेला आमच्या नात्यातला एक जण तेव्हा सांगायचा, की आत काही ठिकाणी जाताना आपले कपडे काढून ठेवायचे, तिथले घालायचे, काम झालं की ते तिथेच टाकायचे आणि आपल्या कपड्यात बाहेर यायचं. आमची आजी म्हणाली, "म्हणजे सोवळंच की!" आम्ही हसलो. पण त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात राहून गेली. तिथे कामाचा कपडा हा काम देणाऱ्याने द्यायचा होता. कामगाराने घरून आणायचा नव्हता. माझ्या शेतावर मात्र जो यायचा तो आपलं इरलं आपण घेऊन यायचा, आणि नसलं तर भिजायचा.

आता तो रेनकोट.

आमच्याकडे लावणीला एक गडी यायचा. वारली, वयाने माझ्याएवढाच. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. तोवर इरली विणणारे हात कमी झाले होते. तो युरियाची गोणी वापरायचा. गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की टोकदार खोळ होते, ती डोक्यावरून पाठीवर सोडायची. इरल्याचीच गरीब बहीण.

त्या वर्षी मी बोईसरहून नवा रेनकोट आणला. जुना खांद्याच्या शिवणीत उसवला होता. मी तो धुतला, वाळवला, नीट घडी केली आणि लावणीच्या आदल्या दिवशी त्याला दिला. देताना मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. आईलाही सांगितलं, पत्नीलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस झोडपत होता. मी बांधावर नव्या रेनकोटात उभा, आणि हा आला तो डोक्यावर गोणी घेऊन. मला राग आला. मी वरूनच ओरडलो, "अरे, काल दिला तो कुठे आहे?"

तो चिखलातून वर न बघता म्हणाला, "शेट, त्याच्यातून तुम्हाला पाणी लागत होता म्हणून तुम्ही काढला ना? मग माना नाय लागायचा का?"

बायका लावणी करता करता हसल्या. तो हसला नाही. त्याच्या बोलण्यात टोमणाही नव्हता. त्याने एक साधा हिशेब मांडला होता. जे पाणी माझ्या खांद्याला नको झालं, ते त्याच्या खांद्याला कसं चालेल? खांदा तोच, पाऊस तोच. मी दिवसभर बांधावर फिरत राहिलो आणि त्याला देण्यासारखं उत्तर मला सापडलं नाही.

आमच्या भागात या 'शेट' शब्दाला इतिहास आहे. १९४५ साली तलासरी आणि उंबरगावच्या बाजूला वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध उठली. गोदावरी परुळेकरांनी त्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं आहे. तेव्हा जमीनदार अंगभर कपड्यात आणि राबणारा लंगोटीत, हे कुणाला वेगळं वाटत नव्हतं. मी काही जमीनदार नव्हे. माझं शेत एका नजरेत संपतं. पण बांधावर उभं राहून 'अरे' म्हणणारा मी होतो, आणि चिखलातून 'शेट' म्हणणारा तो होता. माझा जुना रेनकोट त्या दोन शब्दांमधून चालत त्याच्याकडे गेला होता.

त्यानंतर काही दिवसांनी दारात बोहारीण आली. जुने कपडे घेऊन त्यावर स्टीलची भांडी देणारी ही बाई बहुतेकांनी पाहिली असेल. मी ओटीवर बसून बघत होतो. पत्नीने माझ्या दोन पँटी आणि एक साडी पुढे टाकली. बोहारणीने पँट उचलली, दोन्ही हातांनी ताणली आणि उजेडाकडे धरली. गुडघ्यापाशी विरली होती, तिथून उजेड आला. पँट बाजूला पडली. दुसरीची चेन गंजलेली. तीही बाजूला. "ताई, यावर पातेलं नाही, वाटी मिळेल." पत्नी म्हणाली, पातेलंच पाहिजे. अर्धा तास घासाघीस चालली. शेवटी पातेलं मिळालं, पण आणखी एक साडी गेली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बोहारणीला कापड उजेडात धरून बघायचा हक्क आहे, कारण ती बदल्यात भांडं देते. माझ्या गड्याला तो हक्क नव्हता. दान घेणाऱ्याने शिवण तपासली तर आपण म्हणतो, माज बघा याचा. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, अशी म्हणच आहे आपल्याकडे. ही म्हण गाय देणाऱ्याने काढली असणार. गाय म्हातारी निघाली तर वैरण घालायची आहे ती घेणाऱ्याला.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. २००४ साली त्सुनामी आली तेव्हा देशभरातून तामिळनाडूत जुने कपडे गेले. ते एवढे आणि असे गेले, की ढिगाने तसेच पडून राहिले. सर्वस्व वाहून गेलेल्या माणसांनीही ते उचलले नाहीत. दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने पुढे ते कपडे गोळा करून, निवडून, कामाला लावले. या संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाची रीत मला पटते. गावातल्या लोकांनी आपल्याच गावाचं काम करायचं, विहीर खणायची, रस्ता करायचा, बांध घालायचा, आणि त्याबद्दल कपडे घ्यायचे. कपडा जुनाच असतो, पण तो हात पसरून घेतलेला नसतो. बोहारणीसारखाच तो व्यवहार होतो, आणि व्यवहारात माणूस ताठ उभा राहतो.

पुढल्या वर्षी मी त्याच्यासाठी नवा रेनकोट आणला. माझ्यासारखाच, त्याच दुकानातून. त्याने उलटापालटा करून बघितला, घेतला. दुसऱ्या दिवशी परत गोणी! या खेपेला मी ओरडलो नाही, पण आतून पेटलो होतो. दुपारी भाकरीच्या वेळी विचारलं. तो म्हणाला, "पोरीला दिला. ती लांबून शाळेत जाते. वह्या भिजतात तिच्या. माझा काय, मी संध्याकाळी जाऊन आगीकडं बसतो. वह्या आगीकडं कशा धरायच्या?"

इथे मला दुसरा धडा मिळाला, आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क किती उरतो? माझ्या मनात होतं, की रेनकोट मी दिला म्हणजे माझ्या शेतात तो दिसला पाहिजे. म्हणजे मी रेनकोट देत होतो की स्वतःला बघायला एक चित्र विकत घेत होतो? कुणाच्या घरात कोण जास्त भिजतं, हे त्या घरालाच ठाऊक. माझी आई अर्धओलं लुगडं नेसून चुलीपुढे बसायची आणि आम्हा पोरांना कोरडं घालायची. तिचा हिशेब आणि त्याचा हिशेब एकच होता.

यावर आमच्या आळीतले लोक मला म्हणाले, आणि ते खोटं नाही, की बाबा, शेती तरी कुठे परवडते आपल्याला? मजुरी द्या, जेवण द्या, आता कपडेही द्या! भाताचा भाव आणि मजुरीचा हिशेब मांडला तर लावणी करावीच की नाही असा प्रश्न पडतो. मी त्यांना एवढंच म्हणतो, की औत कोण आणतो? विळा कोण आणतो? आपण. मग पावसातल्या कामाला पावसाचं आवरण हेही औतच नव्हे का? एमआयडीसीत हेल्मेट आणि बूट कंपनीने द्यायचे असतात, त्याला कुणी दान म्हणत नाही. माझ्या चुकीचं मूळ इथे होतं. जे मी औत म्हणून द्यायला हवं होतं ते धर्म म्हणून दिलं, म्हणून फाटकं चाललं. फाटका नांगर मी कुणाच्या हातात दिला असता का?

महात्मा गांधींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत आपला पूर्ण वेश सोडून पंचा घेतला. गरिबांनी त्यांना सांगितलं होतं, की खादी घ्यायला आमच्याकडे पैसे नाहीत. त्यावर त्यांनी लोकांना जुनी धोतरं पाठवली नाहीत. आपलंच वस्त्र कमी केलं. मी गांधी नाही आणि या वयात पंचावर फिरणारही नाही. सून घरात घेणार नाही. पण त्या गोष्टीतून मला एवढं घेता आलं, की आधी आपल्याकडे जास्त का झालं ते बघावं, आणि मग कुणाला काय द्यायचं ते ठरवावं.

जास्त का झालं, ते नातीबरोबर मोजताना कळलं. तेवीसमधले नऊ सदरे लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेले. पाच स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले. तीन रेनकोटांतले दोन तर चेन अडकली म्हणून टाकलेले. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने चेन गंजते, हे साठ वर्षं समुद्राकाठी राहून मला माहीत असायला हवं होतं. तेव्हा नातीला मी माझ्या अनुभवाने यादी सांगितली आणि तिने वहीत लिहिली. पावसाला बटणांचा, लांब, सैल रेनकोट. घेताना दुकानात वाकून बघायचं, लोक हसले तरी. आत चटकन वाळणारे दोन जोड. थंडीत पहाटे दव पडतं, तेव्हा वांगी-मिरची काढायला बिनबाह्यांचा एक स्वेटर, म्हणजे हात मोकळे. उन्हाळ्याला सुती, पूर्ण बाह्यांचा, फिकट सदरा. अर्ध्या बाहीचा बरा वाटतो पण ऊन कातडीवर बसतं. कार्याला एक चांगला जोड. मोजून नऊ कपडे झाले. नात म्हणाली, मोबाइलवर आजकाल हेच सांगतात, कमी घ्या, एकमेकांवर जाईल असं घ्या. मी म्हटलं, मोबाइलवाल्यांना आमच्या वडिलांनी विचारलं असेल.

बोईसरच्या दुकानात उभा असताना आणखी एक विचार आला. आमच्या एमआयडीसीत कापडावर प्रक्रिया करणारे, रंगवणारे कारखाने आहेत. रंगाचं पाणी कुठे जातं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या मांगेला बंधूंची संस्था हरित लवादाकडे गेली, आणि २०२२ च्या जानेवारीत लवादाने तारापूरच्या कारखान्यांना आणि सांडपाणी केंद्राला भरपाई भरायला लावणारा निकाल दिला. मी कारखान्यांना नावं ठेवतो, मासळीवाले ठेवतात, बरोबर आहे. पण स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले ते पाच सदरे कुठल्यातरी खाडीत आपला रंग सोडून आले असतील, हे मला कपाटापुढे सुचलं नव्हतं.

त्या दिवशी बोईसरला आमच्याबरोबर तिसरा माणूस होता. माझा गडी आता थकला. त्याचा मुलगा लावणीला येतो. त्याला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, की रेनकोट घ्यायला चल, तुझा तू निवड. दुकानात तो आधी बुजला. मग त्याने एक रेनकोट उचलला, उलटा केला, खांद्याच्या शिवणीत बोट घातलं आणि दाराकडे जाऊन उजेडात धरला. परत ठेवला. दुसराही परत ठेवला. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली. तिसरा त्याने अंगात घातला, आणि भर दुकानात, लावणीला वाकतो तसा खाली वाकला. मान हलवून म्हणाला, "हा चालंल."

तो माझ्यापेक्षा दीडशे रुपयांनी महाग निघाला. मी पैसे दिले. आणि खरं सांगायचं तर ते दीडशे रुपये मला बोचले. घरी येईपर्यंत बोचत होते. एवढं सगळं कळूनही बोचले, म्हणजे अजून काही शिकायचं राहिलं आहे.

उरलेले सतरा सदरे अजून कपाटातच आहेत. नात अधूनमधून विचारते, "आजोबा, त्यांचं काय करायचं?" आहेराचे तीन कोरे आहेत, ते उजेडात धरले तरी चालतील. बाकीच्यांसाठी मी बोहारणीची वाट बघतोय. अलीकडे ती फारशी येत नाही.